निरोपाचा पगार आणि चेपलेली गाडी

नोकरी सोडून जाणाऱ्या मनुष्याचा अखेरचा पगार हा नेहमीच्या पगारासारखा नसतो. नेहमीच्या पगारात चूक झाली तर ती पुढच्या महिन्यात दुरुस्त करून घेता येते; मालक आणि कामगार दोघेही दुसऱ्या दिवशी सकाळी एकमेकांसमोर येणार असतात आणि त्या नित्याच्या भेटीचा थोडा तरी धाक उभय पक्षांना असतो. अखेरच्या पगारामागे असा पुढचा महिना नसतो. महिन्यातील भरलेले दिवस, न घेतलेल्या रजेचा मोबदला, थकलेला जादा कामाचा पैसा असे जे काही देणे असेल ते सर्व एका आकड्यात येऊन बसते, आणि तो आकडा लिहिणारी लेखणी मात्र एकट्या मालकाच्या हातात असते.

गाडी चालवून पोट भरणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत या आकड्याला अलीकडे एक विशेष व्याधी जडलेली दिसते. पोर्ट लुईच्या एखाद्या वखारीतून निघून दिवसभर क्यूरपिप, व्हाकोआ, कात्र बोर्न अशी दुकानोदुकानी मालाची पोचवणी करणारा एक शोफर आहे, अशी कल्पना करावी. तीन वर्षे त्याने ही व्हॅन चालविली. एकदा अरुंद गल्लीतून मागे घेताना दगडी कुंपणाला तिची कड घासली; एकदा बाजाराच्या गर्दीत आरसा तुटला. दोन्ही वेळा त्याने संध्याकाळी येऊन सांगितले आणि दोन्ही वेळा मालक म्हणाले, ‘‘बरे, जपून चालवा.’’ प्रकरण तेवढ्यावर संपले. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली. त्याने रीतसर सूचना दिली आणि शेवटच्या दिवशी पगाराचे पाकीट घ्यावयास गेला, तो आत पैशांऐवजी एक कागद अधिक होता. उजवी बाजू, मागचा बंपर, आरसा, रंग, एकूण अमुक इतके रुपये, पगारातून वजा.

या गोष्टीतील मर्म वजावटीच्या रकमेत नाही, ते तिच्या वेळेत आहे. गाडीला ओरखडा पडला तो तीन वर्षांपूर्वी. त्या दिवशी तो अपराध नव्हता, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता आणि पुढे जवळजवळ हजार दिवस नव्हता. शोफराने ‘‘मी निघतो’’ असे म्हटले त्या दिवशी तो अपराध ठरला. मग दंड कशाचा झाला, ओरखड्याचा की निघण्याचा? नुकसानीचीच खंत असती तर तिची वाच्यता त्याच आठवड्यात झाली असती, कारण नुकसान ताजे असतानाच त्याचे मोजमाप करता येते, साक्षीदार मिळतात आणि दोष कोणाचा हे पाहता येते. तीन वर्षे मुकाट राहून अखेरच्या दिवशी काढलेला हिशेब हा हिशेब नव्हे. तो निरोपाच्या वेळी दाखविलेला राग आहे, आणि त्याने हिशेबाचे कपडे घातले आहेत इतकेच.

मॉरिशसच्या मातीत ही युक्ती नवी नाही, आणि या बेटावर ज्यांचे आजे-पणजे करारावर आले त्यांना तर ती अपरिचित वाटण्याचे कारणच नाही. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पोर्ट लुईच्या धक्क्यावर 36 मजूर उतरले. त्यांच्या करारात पुरुषाला महिना 5 रुपये ठरले होते. परंतु त्याच करारात असेही एक कलम होते की प्रत्येकाच्या पगारातून दरमहा 1 रुपया मालकाने राखून ठेवावा. परतीच्या प्रवासाचा खर्च भागेपर्यंत हा रुपया साठवावयाचा आणि त्याची गरज पडली नाही तर पाच वर्षांनी तो परत द्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. कागदावर तिच्यात काही वावगे दिसत नाही. तथापि पगाराचा एक पंचमांश भाग ज्याच्या हाती अडकून पडला आहे तो मनुष्य मालकाशी कोणत्या आवाजात बोलेल, याचा विचार कलम लिहिणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही. किंवा कदाचित नेमका तोच केला असेल.

पुढे आली ती ‘दुब्ल कुप’, म्हणजे दुहेरी कपात. एक दिवस कामावर न आलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी तर जाईच, वर आणखी एका दिवसाची कापली जाई. न केलेल्या कामाची मजुरी नाही, हे कोणालाही पटेल. पण केलेल्या कामाचीही मजुरी नाही, हे कोणत्या न्यायात बसते? आजारी पडलेला, पाऊसपाण्यात अडकलेला, सरदाराच्या मर्जीतून उतरलेला असे सर्वच या कपातीत सापडत. शिवाय पगार वेळेवर देण्याची चाल अनेक कोठ्यांवर नव्हती. महिनोन्‌महिने मजुरी थकत असे. थकलेली मजुरी हे मालकाच्या हातचे दावेच होते. करार संपत आला की मजूर दुसऱ्या कोठीवर जाऊ पाही. परंतु मागची मजुरी इथेच गुंतलेली, तेव्हा तो पुन्हा त्याच मालकाच्या नव्या करारावर अंगठा उठवी. 1867 च्या कायद्याने तर जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेला परवाना खिशात बाळगावा लागे आणि तो जवळ नसल्यास अटकेची पाळी येई.

या सर्वांविरुद्ध 1871 मध्ये अडॉल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या पुढाकाराने जो अर्ज गव्हर्नरांकडे गेला त्यावर 9401 जुन्या मजुरांच्या सह्या-निशाण्या होत्या. त्या अर्जातून 1872 चे शाही आयोगाचे कमिशन नेमले गेले; फ्रिअर आणि विल्यमसन या दोघा आयुक्तांनी 1875 मध्ये अहवाल दिला आणि 1878 मध्ये नवा मजूर कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या सनावळ्या नीट नोंदलेल्या आहेत, आणि आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. तेथील दगडी पायऱ्या पाहावयास जाणाऱ्या मुलांना जहाजांची नावे सांगितली जातात. मजुरीच्या वहीतील कपातीचा रकाना मात्र सहसा कोणी दाखवीत नाही; वास्तविक मजुराचे जिणे जहाजापेक्षा त्या रकान्यात अधिक गेले.

आता कोणी म्हणेल की तो काळ गेला, गिरमिट गेले, आज कायदा आहे. कायदा आहे हे खरे. आणि मॉरिशसची गंमत अशी की या बेटाच्या न्यायव्यवस्थेत फ्रान्सचा दिवाणी कायदा आणि इंग्लंडची न्यायालयीन परंपरा ही दोन्ही नांदतात, तर येथील बहुसंख्य लोकांची नाळ हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. म्हणून या तिन्ही देशांनी गाडी चेपण्याच्या प्रश्नाचे काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. तिन्हींची उत्तरे एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

इंग्लंडचे उदाहरण मोठे चमत्कारिक आहे. 1949 मध्ये रॉमफर्ड येथील एका बर्फाच्या व शीतगृहाच्या कंपनीची लॉरी कत्तलखान्याच्या आवारात गेली. लॉरीवर चालक म्हणून मुलगा आणि मदतनीस म्हणून त्याचा स्वतःचा बाप, असे दोघे त्याच कंपनीचे नोकर होते. लॉरी मागे घेताना मुलाने बापाला धक्का दिला. नोकराच्या चुकीबद्दल मालक जबाबदार, या नियमाने कंपनीने बापाला भरपाई दिली, म्हणजे प्रत्यक्षात विमा कंपनीने दिली. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु विमेवाल्यांनी मालकाच्या नावाने त्या मुलावरच दावा लावला, की तू सावधपणे गाडी चालविली नाहीस तेव्हा हे पैसे तूच भर. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला तो चालकाविरुद्ध. नोकराने काळजीपूर्वक काम करण्याची हमी करारात गृहीतच असते आणि ती मोडल्यास मालक त्याच्याकडून भरपाई मागू शकतो, असे तत्त्व त्यातून निघाले.

या निकालावर इंग्लंडात एवढी टीका झाली की पुढे विमा कंपन्यांनी आपसांत समजूत करून घेतली की संगनमत किंवा जाणूनबुजून केलेला गुन्हा असल्याखेरीज असे दावे लावावयाचे नाहीत. म्हणजे कायद्याने जे मिळाले ते घेण्याची लाज खुद्द जिंकणाऱ्यांनाच वाटली. विम्याचा धंदा करणारे लोक काही फार हळवे म्हणून प्रसिद्ध नाहीत; त्यांनाही जे नकोसे झाले ते एखाद्या वखारीच्या मालकाने आपल्या कारकुनाकरवी पाकिटात घालावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मॉरिशसची अखेरची अपिले आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातात, म्हणून त्या देशातील असे निकाल या बेटावर सर्वस्वी परके म्हणता येत नाहीत.

इंग्लंडात आज 1996 चा नोकरीहक्क कायदा आहे. त्यानुसार पगारातून कपात करावयाची तर तिला कायद्याचा आधार हवा, किंवा करारातील तरतूद नोकराला आधी लेखी कळविलेली हवी, अथवा त्याची लेखी संमती आधी घेतलेली हवी. घटना घडून गेल्यावर घेतलेली संमती मागे लागू होत नाही. इथवर ठीक. परंतु दुकानांत काम करणाऱ्यांच्या गल्ल्यातील किंवा मालातील तुटीबद्दल त्या कायद्याने एक मर्यादा घातली आहे, की एका पगाराच्या दिवशी एकूण पगाराच्या दहा टक्क्यांहून अधिक कापू नये. आणि लगेच पुढे सांगितले आहे की ही मर्यादा शेवटच्या पगाराला लागू नाही. नोकर जोवर दारात आहे तोवर त्याला संरक्षण. दाराबाहेर पाऊल टाकताच ते काढून घ्यावयाचे. मालकाचे पैसे बुडू नयेत हा त्यातील हेतू उघड आहे. पण ज्या दिवशी मनुष्य सर्वांत दुबळा त्याच दिवशी छत्री मिटावयाची, हे शहाणपण समजणे कठीण आहे.

फ्रान्सची वाट अगदी वेगळी. तेथे पगारातून दंड कापणे हेच कायद्याने निषिद्ध आहे. आणि नुकसानभरपाईविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1950 नंतरच्या दशकातच असा दंडक घातला की नोकराची साधी चूक, इतकेच काय ठळक निष्काळजीपणाही भरपाईला पुरेसा नाही; त्याने मालकाचे वाईट करण्याच्या हेतूने हानी केली असेल तरच तो आपल्या खिशातून देणे लागतो. यामागचा विचार सरळ आहे. धंद्याचा नफा ज्याचा त्याचीच धंद्याची जोखीम. गाडी रस्त्यावर धावणार म्हटले की ती कधीतरी घासणार. ही गोष्ट पेट्रोलच्या किमतीइतकीच धंद्याच्या खर्चात धरलेली असली पाहिजे. शोफराने वर्षभरात हजारो वेळा गाडी बिनचूक मागे घेतली त्याबद्दल त्याला नफ्यात वाटा मिळत नाही. मग एका वेळी ती घासली तर तोट्यात वाटा का मिळावा?

हिंदुस्थानात 1936 चा वेतन अदायगीचा कायदा होता आणि त्यातील विचार या दोन टोकांच्या मधला होता. नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेल्या मालाची हानी झाली आणि ती थेट त्याच्याच हयगयीमुळे झाली, तरच वजावट. ती प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक नाही. आणि मुख्य म्हणजे वजा करण्यापूर्वी नोकराला आपले म्हणणे मांडण्याची संधी. हा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत मिळून गेला आहे आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. तिच्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे, ती अशी की नोकराला काढले असो वा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याची मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती केली पाहिजे. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या गावातून मुंबई बंदरात येऊन जहाजावर चढलेल्या मजुराला दोन दिवसांत मजुरी ही कल्पना पुराणातील वाटली असती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1949 मध्ये वेतनाच्या संरक्षणाचा जो करारनामा केला त्यात कपात केवळ देशाच्या कायद्याने किंवा सामुदायिक कराराने ठरविलेल्या अटींवर व मर्यादेतच करावी असे सांगितले आहे, आणि नोकरी संपताच अंतिम हिशेब वेळेवर व्हावा असेही. त्याच वर्षीच्या सोबतच्या शिफारसीत मालकाच्या मालमत्तेच्या नुकसानीचा उल्लेख नावानिशी आहे. दोष कामगाराचाच आहे हे स्पष्ट दिसले पाहिजे, रक्कम वाजवी आणि खऱ्या नुकसानीच्या आत असली पाहिजे, आणि निर्णयापूर्वी त्याला बाजू मांडू दिली पाहिजे. मॉरिशसने स्वातंत्र्यानंतर या संघटनेत प्रवेश केला, आणि येथील 2019 च्या कामगार हक्क कायद्याचा पायाही तोच आहे, की पगार हा कामगाराचा, आणि कायद्याने मान्य केलेल्या मोजक्या कारणांखेरीज मालकाने त्यात हात घालू नये. गाडीचा बंपर मालकाला वाटेल त्या दिवशी वाटेल तेवढ्या किमतीला कापून घेण्याची मुभा त्यात शोधूनही सापडावयाची नाही.

मग पाकिटातील तो कागद येतो कोठून? बहुधा तो येतो सहीच्या जोरावर. नोकरीला लागताना जो कागदांचा गठ्ठा पुढे येतो त्यात एखादी ओळ असते, की वाहनाच्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी चालकाची राहील. कागद इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये. बोलणे चालते क्रेओलमध्ये. नोकरीची गरज असलेला तरुण ती ओळ वाचीत नाही, आणि वाचली तरी तिच्यावर बोट ठेवून ‘‘हे काय?’’ असे विचारणाऱ्याला नोकरी मिळत नाही हे त्याला ठाऊक असते. दुसरी सही शेवटच्या दिवशी घेतात. सर्व देणे मिळाले, काही तक्रार नाही, असे लिहिलेल्या कागदावर सही केली तर उरलेले पैसे हातात. न केली तर तेही नाहीत. अशा सहीला संमती म्हणणे म्हणजे नावेतून ढकललेल्या माणसाला पोहणारा म्हणण्यापैकी आहे.

रकमेचाही थोडा विचार केला पाहिजे, कारण खरी करामत तेथेच असते. समजा की गाडीच्या दुरुस्तीचे बिल 35000 रुपये झाले. गाडीचा सर्वसमावेशक विमा आहे आणि त्यात पहिले 10000 रुपये मालकाने सोसावयाचे आहेत. विमा कंपनी 25000 देते. मालकाचे खरे नुकसान 10000 रुपये. परंतु शोफराच्या पाकिटातील कागदावर आकडा असतो 35000 चा. म्हणजे अपघातातून मालकाला 25000 रुपयांची मिळकत झाली! हे उदाहरण अतिरंजित वाटेल; पण विम्याचा कागद शोफराला दाखविण्याची चाल कोठे आहे? मागितला तर ‘‘तो आमचा आणि कंपनीचा मामला आहे’’ असे उत्तर येते.

दुसरे असे की आठ वर्षांच्या गाडीचा आठ वर्षांचा बंपर मोडला तर भरपाई आठ वर्षांच्या बंपरची होते, नव्या कोऱ्याची नव्हे. जुन्या पातेल्याला पोचा आणला म्हणून मोलकरणीकडून नव्या पातेल्याची किंमत घेणाऱ्या गृहिणीला शेजारपाजारच्या बायका काय म्हणतील, हे सांगावयास नको. तिसरे, पुष्कळ वेळा दुरुस्ती होतच नाही. गॅरेजवाल्याकडून नुसते दरपत्रक आणले जाते, त्यावरून पैसे कापले जातात आणि गाडी तशीच ओरखड्यासह पुढे धावते. पुढचा शोफर येतो, तो निघताना त्याच्याही कागदावर तोच ओरखडा उमटतो. एका ओरखड्याने किती पगार खाल्ले याचा जमाखर्च कोणी ठेवलेला नाही. चौथे, ज्या दिवशी गाडी ताब्यात दिली त्या दिवशी ती कशी होती याची नोंद नसते. आधीच चेपलेला भाग कोणाच्या नावावर मांडावा, हे मग ज्याची लेखणी तोच ठरवितो.

आणि गाडी घासली ती का, हा प्रश्न तर बाजूलाच राहतो. दिवसभरात इतक्या दुकानांना माल पोचविण्याचे पत्रक ज्याने केले, टायर गुळगुळीत झाले तरी आणखी महिनाभर चालतील असे ज्याने सांगितले, मदतनीस काढून टाकून माल उतरविण्याचेही काम शोफराच्याच गळ्यात ज्याने घातले, त्याचा वाटा ओरखड्यात काहीच नाही काय? दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली तर मॉरिशसमध्ये दोन्ही चालक ‘कोंस्ता’चा फॉर्म भरतात, त्यावर कोण कोठून येत होते याचे चित्र असते, आणि दोष समोरच्याचा असला तर तो तेथेच दिसतो. शोफराने तो कागद मालकाला दिला की त्याची प्रत त्याच्याजवळ राहत नाही. दोन वर्षांनी समोरच्याचा दोष विसरला जातो आणि चेपलेला दरवाजा मात्र आठवणीत राहतो.

आता मालकाची बाजू. ती नाही असे कोणी समजू नये. या समाजातीलच कितीतरी कुटुंबांनी ऊसमळ्यातून बाहेर पडून एक गाडी, मग दुसरी गाडी असे करीत धंदा उभा केला आहे. ज्याच्या दोनच व्हॅन आहेत आणि त्यांतील एकीचे हप्ते बँकेला जावयाचे आहेत, त्याला गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली तर काय होते हे पगार घेणाऱ्याला सहसा कळत नाही. काही शोफर खरोखरच बेफिकीर असतात. कोणी दारू पिऊन चाक हाती धरतो, कोणी मालकाची गाडी रविवारी समुद्रावर स्वतःच्या मंडळींना घेऊन जातो, कोणी न सांगता नोकरी सोडतो आणि किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून जातो. अशा मनुष्याबद्दल मालकाला चीड आली तर ती अस्वाभाविक नाही, आणि मद्यधुंद अवस्थेत गाडी भिंतीवर घालणाऱ्याची वकिली करण्याचे येथे प्रयोजनही नाही.

पण चीड येणे वेगळे आणि आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश, आपणच वसुली कारकून होणे वेगळे. मालकाचे पैसे खरोखर बुडाले असतील तर त्याला न्यायालय मोकळे आहे. तेथे त्याने पुरावा द्यावा, शोफराने उत्तर द्यावे. पगारातून कापण्याची सोय अशी की तिच्यात पुराव्याचे ओझे उलटे होते. मालकाला काही सिद्ध करावे लागत नाही. पैसे त्याच्याजवळच आहेत. सिद्ध करावयाचे असेल ते शोफराने, तेही नोकरी गेल्यावर, नव्या मालकाकडे रजा मागून. नव्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात ‘‘जुन्या मालकाविरुद्ध तक्रार करावयाची आहे, अर्धा दिवस द्या’’ असे म्हणण्याचे धैर्य कितीजणांना होईल? या अडचणीवरच सारी इमारत उभी आहे. एरवी कामगार खात्याच्या कचेरीत अशी तक्रार नोंदविता येते, तिला खर्च लागत नाही, आणि तडजोड न झाल्यास प्रकरण औद्योगिक न्यायालयापर्यंत नेता येते.

याहून बिकट अवस्था आणखी एका वर्गाची आहे. आज मॉरिशसच्या गिरण्यांत, बेकऱ्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि हिंदुस्थानातूनही माणसे करारावर येतात. त्यांच्या हातातही कागद असतो, ठरलेली वर्षे असतात आणि शेवटी विमानाचे तिकीट असते. ज्याचे विमान रात्री दहाला आहे त्याच्या हाती संध्याकाळी चार वाजता कापलेल्या पगाराचे पाकीट ठेवले, तर तो कोणत्या कचेरीत जाईल? वस्तू बदलते, गाडीऐवजी शिवणयंत्र असते, वसतिगृहातील गादी असते, हरवलेले हेल्मेट असते. युक्ती तीच. आणि ही माणसे ज्यांच्या हाताखाली राबतात त्यांच्यातील काहींच्या घरी भिंतीवर पणजोबांच्या आगमनाच्या नोंदीची चौकटीत बसविलेली प्रत टांगलेली असते, ही गोष्ट बोलावयास कडू असली तरी खोटी नाही.

मंडळ्यांनी आणि त्यांच्या सभागृहांनी या बाबतीत काही करता येण्यासारखे आहे, आणि ते फार खर्चाचेही नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या ज्या काटेकोरपणे ठेवल्या जातात त्याच्या निम्म्या काटेकोरपणाने गाड्यांची नोंद ठेवली तरी पुष्कळ भांडणे जन्मालाच येणार नाहीत. गाडी ताब्यात देताना एक पत्रक असावे. त्यावर चारही बाजूंची स्थिती, टायर, आरसे, दिवे आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आजकाल प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढण्याचे साधन आहे, त्याचा उपयोग करावा आणि एक-एक प्रत दोघांनी ठेवावी. काही घडले तर त्याच दिवशी त्याच पत्रकावर नोंद व्हावी आणि मालकाला काही म्हणावयाचे असेल तर ते त्याच आठवड्यात लेखी म्हणावे. विम्याने काय दिले हे शोफराला दाखवावे. शोफरांनीही ‘कोंस्ता’ची प्रत घरी ठेवण्याची सवय लावून घ्यावी, आणि अखेरच्या दिवशी पुढे आलेल्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन कोणा जाणत्याला दाखवावयाचा, असा शिरस्ताच पाडावा. मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, सरकारी नोकरीत वर्षे काढलेले गृहस्थ आहेत, कायदा शिकलेल्या मुली आहेत. शनिवारी संध्याकाळी भजनापूर्वी तासभर त्यांच्यापैकी एकाने सभागृहात टेबल टाकून बसावे, म्हणजे असे कागद वाचून घेण्यासाठी कोणाला वकिलाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. आणि मंडळीची स्वतःची जी गाडी सामान वाहण्यासाठी असेल, तिच्यापासूनच त्या पत्रकाचा आरंभ करावा. तिच्या डाव्या बाजूचा पोचा कोणाचा, हे बहुतेक ठिकाणी अद्याप ठरलेले नाही.